एकशे एकोणतीस नावांची गोधडी

विलो फोर्कमध्ये कुणाला चांगल्या अक्षरात काही लिहून हवं असलं, की तो टोपी हातात घेऊन थिर्झा हॉल्मच्या मागच्या दारी यायचा. मागच्या दारी एवढ्यासाठी, की पुढचं दार थोरलीचं होतं. नील्स हॉल्मनं दोन बायकांसाठी एकाच छपराखाली दोन चुली मांडल्या होत्या. पुढे बोडिल, मागे थिर्झा. मधली भिंत त्यानं चांगली जाडजूड बांधली आणि पहिल्याच हिवाळ्यात स्वतःच्या हातानं फोडून तिच्यात दार बसवलं. "दोघी दिवसातून वीस वेळा वळसा घालून एकमेकींकडे जातात," तो शेजाऱ्यांना म्हणाला. "बर्फात एखादी पाय मोडून घ्यायची."

बोडिल डेन्मार्कची, रुंद बांध्याची, मोठ्यानं हसणारी. थिर्झा इंग्लंडातल्या प्रेस्टनची, बारीक, कमी बोलणारी. थिर्झाचे वडील वकिलांच्या कागदांच्या नकला करून पोट भरायचे. त्यांचे डोळे गेल्यावर ते काम बाराव्या वर्षापासून थिर्झानं केलं. एकोणिसाव्या वर्षी आमच्या मॉर्मन धर्मात येऊन ती मैदानं तुडवत युटातल्या सॅनपीट खोऱ्यात पोचली, तेव्हा तिच्याजवळ दोन कपडे आणि ते अक्षर एवढंच होतं. सरळ, गोल, एकसारखं. ओळ आखलेली नसली तरी ओळ चुकायची नाही. वॉर्डातले, म्हणजे आमच्या धर्ममंडळीतले, जन्माचे दाखले, पाण्याच्या पाळ्या, थडग्यांवरच्या पाट्या, सगळं तिच्या हातचं. बायकांच्या मदत-संस्थेची चिटणीसही तीच.

आणि ब्रदर रेडफील्डना उत्तरं लिहायची तीही तीच.

जोथम रेडफील्ड वॉशिंग्टनमध्ये आमचे प्रतिनिधी होते. युटा तेव्हा राज्य नव्हतं, नुसता प्रदेश होता, म्हणून देशाच्या सभागृहात आमचा एकच माणूस बसायचा. त्याला बोलता यायचं, मत देता यायचं नाही. मत नसलेल्या माणसानं करायचं काय? रेडफील्ड पत्रं लिहायचे. तिकडे कुणी म्हणालं, की हे मॉर्मन लोक शाळा काढत नाहीत, की लगेच गावोगाव पत्र: तुमच्याकडे शाळा किती, मुली किती, पाट्या किती? कुणी म्हणालं, यांच्या बायकांच्या नावे काही नसतं, की पुन्हा पत्र: किती बायकांच्या नावे जमीन आहे, मोजून कळवा. आणि आलेल्या प्रत्येक उत्तराला ते स्वतःच्या हातानं पोच द्यायचे. थिर्झाकडे अशी तीस पत्रं जमली होती. ती त्यांना कधी भेटली नव्हती. पण ते थकलेले असले की त्यांची अक्षरं उजवीकडे कलतात, हे तिला माहीत होतं.

१८७८ च्या शरद ऋतूत त्यांचं एकतिसावं पत्र आलं, ते असं कललेलंच होतं. युटाच्या बायकांना मतदानाचा हक्क होता, आठ वर्षांपासून. तो काढून घेण्याचा ठराव सभागृहात येत होता. सांगितलं जात होतं, की या बायका नवऱ्याच्या धाकानं मत देतात, त्यांना स्वतःचं तोंडच नाही. "मला बिशपचं पत्र नको," रेडफील्डनी लिहिलं होतं. "बायकांचं हवं. त्यांनी स्वतः सांगावं आणि स्वतः सही करावी."

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी उपासाची सभा झाली. ती सुटल्यावर बाकावर कागद पसरला. अर्ज थिर्झानं लिहिला होता, चार ओळींचा. खाली नावं. पोटात अन्न नसलेल्या, कडेवर पोरं घेतलेल्या बायकांची रांग लागली. कुणाचं बोट शाईत बुडालं, कुणाच्या तान्ह्यानं कागदावर तळवा उमटवला. पंचवीस-तीस जणींनी फुली मारली.

बोडिलनं फुली मारली नाही. ती बावन्न वर्षांची होती आणि तिला लिहिता येत नव्हतं. पण पत्र आल्या दिवसापासून ती थिर्झाच्या मागे लागली होती. पाव मळायच्या आधी लाकडी काठवटीत पीठ पसरायचं, थिर्झानं तिचं बोट धरून फिरवायचं. मग त्याच पिठाचा पाव. "आज नीट चावून खा," बोडिल नील्सला म्हणायची, "आत मी आहे." तीन आठवडे हॉल्मांच्या घरानं बोडिलचं नाव खाल्लं. सभेच्या दिवशी तिनं टाक मुठीत धरला, जीभ दातांत धरली आणि नांगरानं तास काढावेत तसं ते नाव कागदावर काढलं. मागची रांग खोळंबली. कुणीतरी म्हणालं, "बोडिल, वॉशिंग्टनला पोचेपर्यंत संपव गं!" बोडिल म्हणाली, "थांब, अजून आडनाव आहे."

घरी आल्यावर थिर्झानं ते सात कागद टेबलावर मांडले. डाग, ठसे, वाकड्या फुल्या, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी जर्दाळूच्या मुरंब्याचा चिकट शिंतोडा. हे सभागृहात जायचं? रेडफील्डनी हे त्या मोठ्या लोकांपुढे ठेवायचं? बायका रविवारची अंडी संस्थेला द्यायच्या, त्याच्या पैशांतून तिनं जाड पांढरा कागद आणला आणि तीन दिवस बसून सगळा अर्ज नव्यानं उतरवला. एकशे एकोणतीस नावं. फुल्यांच्या जागी पूर्ण नावं. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम झालं ते. गावाची लाज राखली असं तिला वाटलं. त्यात काही चूक आहे हे तिच्या मनातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर गावात कुणाच्याच आलं नाही. आमच्याकडे सगळ्याची चांगली नक्कल करतात. मूळ कागद म्हणजे कच्चं काम.

बोडिल हात पुसत मधल्या दारातून आली. बराच वेळ बघत राहिली.

"छापल्यासारखं झालंय गं."

"आवडलं?"

"हो तर. यात मी कुठली?"

थिर्झानं बोट ठेवलं.

"असं होय," बोडिल म्हणाली. मग जरा थांबून, "त्या जुन्या कागदांचं काय करणार?"

"तुला हवेत? इंगरच्या गोधडीला कागद कमी पडतोय म्हणत होतीस. घे कापायला."

इंगर ही बोडिलची धाकटी. तिचं लग्न नोव्हेंबरात ठरलं होतं. आमच्याकडे तुकड्यांची गोधडी शिवताना प्रत्येक तुकड्यात कागदाची पट्टी घालतात, कापड तिच्यावर दुमडून कच्चे टाके घालतात, मग तुकडे जोडतात. हात सढळ असलेल्या घरात कागद नंतर काढून टाकतात. बोडिल ठेवायची. कागदानं ऊब राहते म्हणायची.

इंगर लग्न होऊन चौदा मैलांवर सीडर फ्लॅटला गेली. जानेवारीत बोडिलच्या छातीत कफ धरला आणि नवव्या दिवशी ती गेली. थिर्झानं तिचे केस विंचरले, तिच्या पाटीवरचं नावही लिहिलं. नील्सनं मधलं दार लावलं नाही. पलीकडची चूल थंडच राहिली.

तेरा फेब्रुवारीला रेडफील्डांचं बत्तिसावं पत्र आलं.

"सिस्टर हॉल्म," त्यात होतं, "तुमचा अर्ज मी सादर केला. एका सभासदांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, त्या डोंगरातल्या बायकांचं अक्षर किती सुरेख आहे पाहा, एकशे एकोणतीस जणी, आणि सगळ्यांचं अगदी एकसारखं! सभागृह हसलं. ते म्हणाले, हा अर्ज एका पुरुषानं खोलीत बसून लिहिला आहे, त्या बायकांनी तो पाहिलाही नसेल. मी उभा राहिलो. मला इथे मत नाही, फक्त बोलता येतं, हे तुम्ही जाणता. त्या दिवशी बोलताही आलं नाही. तुमचं अक्षर मी ओळखतो. काय घडलं ते मला खरं कळवा. अडचणीचं असलं तरी खरंच कळवा, कारण माझ्यापाशी दुसरं काही नाही. तीन मार्चला समितीची शेवटची बैठक आहे. मूळ सह्या त्याआधी आल्या तर मी त्या टेबलावर ठेवीन. नाही आल्या तर तुमचा अर्ज खोटा म्हणून नोंदला जाईल."

थिर्झानं पत्र दोनदा वाचलं आणि नील्सच्या हातात दिलं. नील्सनं ते वाचून रंधा बाजूला ठेवला.

"टपालाला नऊ दिवस लागतात," तो म्हणाला.

"अहो, मला मोजता येतं."

"मग बुधवारची टपालगाडी गाठायला हवी."

दुसऱ्या दिवशी दुपारी अल्मीरा कटलरकडे बायका जमल्या. अल्मीरा मदत-संस्थेची अध्यक्ष. मोठी कर्तबगार बाई, आणि ते तिला स्वतःलाही ठाऊक होतं.

"यात रडण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "पुन्हा सह्या घेऊ. उद्याच्या उद्या. वर ऑक्टोबरची तारीख टाकू."

"तारीख खोटी होईल," थिर्झा म्हणाली.

"तेव्हाही आम्हीच होतो, आताही आम्हीच आहोत. खोटं काय त्यात?"

"एक जण नाही."

अल्मीरानं चुलीत एक लाकूड सारलं.

"बोडिलचं नाव वगळू," अल्मीरा जरा हळू आवाजात म्हणाली. "एकशे अठ्ठावीस काय कमी आहेत?"

"नाही. तिनं सही केली आहे. आणि खोटी तारीख घातली, की तो माणूस म्हणतो ते खरं होईल. मग त्यानं हसावंच."

"आणि हे सगळं झालं कुणामुळे? तुझ्या सुबक अक्षरामुळे! मी तेव्हाच म्हणाले होते—"

"तुम्ही म्हणाला होतात, सिस्टर कटलर, की माझं नाव जरा ठळक काढ."

बायका हसल्या. अल्मीराही शेवटी हसली, पण चेहरा लाल झाला होता. "मग काय करणार आहेस तू? ते कागद काय, जपून ठेवलेस का?"

"ते सीडर फ्लॅटला आहेत," थिर्झा म्हणाली. "इंगरच्या अंगावर."

शनिवारी पहाटे नील्सनं बर्फावरची घसरगाडी जोडली. वाटेत नील्स म्हणाला, "ती बोडिलची मुलगी आहे. सहज हो म्हणायची नाही." थिर्झानं शाल घट्ट ओढून घेतली. तिला सभागृहाची भीती वाटत नव्हती इतकी इंगरची वाटत होती.

इंगरनं त्यांना बसवलं, सुक्या प्लमांचं गोड गरम सूप पुढे ठेवलं, बापाच्या मोज्यांना भोक पडलं आहे म्हणून रागावली. तिचा नवरा पेडर चेष्टेखोर होता. "गोधडी छान आहे हां, मावशी," तो म्हणाला, "फक्त कूस बदलली की कुणीतरी वर्तमानपत्र वाचतंय असं वाटतं." थिर्झानं पत्र काढून इंगरला वाचून दाखवलं. पेडर हसायचा थांबला.

इंगर उठून उभी राहिली.

"आईनं ती सहा महिने शिवली."

"माहीत आहे गं."

"तिच्या हातचं माझ्याकडे तेवढंच आहे. तू तीन दिवसांत तिचं नाव पुसलंस, मावशी. आता गोधडीही उसवायला आलीस?"

"इंगर!" नील्स म्हणाला.

"बोलू द्या तिला." थिर्झानं पत्राची घडी घातली. "ती खरं बोलतेय. मी पुसलं. मला वाटलं मी सजवतेय. तिनं तुला काही सांगितलं होतं का?"

इंगर खिडकीकडे तोंड करून उभी होती. तशीच म्हणाली, "मी माहेरून निघाले त्या दिवशी. आई म्हणाली, थिर्झाचं अक्षर माझ्यापेक्षा लाख चांगलं आहे. पण वॉशिंग्टनला माझं जायला हवं होतं."

थिर्झा उठली, शाल घेऊ लागली. हे ऐकल्यावर मागायचं तरी कुठल्या तोंडानं, असं तिला झालं. पण इंगर आतल्या खोलीत गेली होती. परत आली ती गोधडी कवेत घेऊन, आणि ओठांत कात्री धरून.

"बसा ना," कात्री काढून ती म्हणाली. "पेडर, दिवा नको, खिडकीजवळचं टेबल ओढ. उजेड आहे तोवर करू."

अस्तराच्या गाठी सोडल्या, एक बाजू उलटी केली. कडेच्या तुकड्यांत जुनी वर्तमानपत्रं निघाली, बियाण्यांच्या पुड्यांचे कागद निघाले. मधल्या चौकात पहिली पट्टी सुटली, तिच्यावर शाईचं नाव. इंगरनं दुसरी काढली, तिसरी काढली. थिर्झा त्या ओळीनं लावत गेली आणि लावता लावता तिचा हात थांबला.

एकही नाव कापलेलं नव्हतं.

गोधडीचे तुकडे एका मापाचे असावे लागतात. पण या पट्ट्या कुठे रुंद, कुठे अरुंद होत्या. नाव लांबलं असेल तिथे पट्टी लांबली होती, फुली खाली घसरली असेल तिथे कात्रीही तिच्या मागून वळली होती, आणि मग कापड कसंबसं ओढून जुळवून घेतलं होतं. तान्ह्याचा तळवासुद्धा सबंध होता. तीन आठवड्यांपूर्वी अक्षर ओळखायला लागलेल्या बाईनं एकशे एकोणतीस नावांच्या मधून, एकालाही न दुखवता, कात्री चालवली होती. आणि थिर्झा तिला म्हणाली होती, घे कापायला.

"म्हणून हा भाग वाकडा झाला होता," इंगर पुटपुटली. "मी तिला हसले होते गं."

मोजले. एकशे अठ्ठावीस.

पुन्हा मोजले. बोडिलचं नव्हतं. चौक सगळा मोकळा झाला होता, टेबलाखाली, झग्याच्या घडीत, सगळीकडे शोधून झालं. नील्स म्हणाला, "सुटलं असेल वाटेत." थिर्झा कडेचे तुकडे चाचपत राहिली. इंगरनं गोधडी स्वतःकडे ओढली, झोपताना धरतात तशी गळ्याशी धरली आणि डोळे मिटले. मग उशाकडच्या काठावर, नेमकं हनुवटीखाली येतं तिथे, एक निळा लोकरी तुकडा होता त्यावर बोट ठेवलं. बोडिलच्या लग्नाच्या झग्याचा तुकडा.

टाके तिनं एकेक करून काढले. आतून ती नांगरलेली ओळ निघाली. बोडिल हॉल्म.

नील्स बाहेर घोड्याकडे जाऊन आला.

"ही ठेव तू," थिर्झा म्हणाली. "मी पत्रात लिहीन, एक पट्टी मुलीजवळ आहे म्हणून. ब्रदर रेडफील्ड समजून घेतील."

इंगरनं पट्टी तळहातावर धरली. मग म्हणाली, "नाही. तिला जायचं होतं."

पट्ट्या सुट्या पाठवल्या तर वाटेत विखुरतील म्हणून इंगरनं आपल्या रुखवतातली एक पांढरी चादर फाडली आणि रविवारची सभा आटोपल्यावर बसून सगळ्या तिच्यावर ओळीनं टाचल्या. बोडिलची सगळ्यात शेवटी. टाक्यांची जुनी भोकं तशीच दिसत होती, काही ठिकाणी दोरे लोंबत होते. थिर्झानं एक दोरासुद्धा कापला नाही. सोबतच्या पत्रात तिनं लिहिलं, की नक्कल माझी आहे, कुणी सांगितलं म्हणून नाही, नीटनेटकेपणाच्या हौसेनं केली, फुल्यांची नावं मी केली, मूळ कागद गोधडीतून काढले आहेत म्हणून अशा रूपात येत आहेत. शेवटची सही करणारी बाई जानेवारीत वारली. पत्रावर शाईचा डाग पडला. दुसरा कागद घ्यायला तिचा हात गेला, आणि परत आला. डागासकट पत्र बुधवारच्या गाडीनं गेलं.

महिनाभर काही कळलं नाही. अल्मीरा कटलर एकदा घट्ट झाकलेलं भांडं घेऊन आली. "बार्लीची कॉफी आहे," ती म्हणाली, पण वास खऱ्या कॉफीचा होता, आणि आमच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य. "तुझा चहा मी पाहिला नाही, तू माझी कॉफी पाहिली नाहीस." दोघी बोडिलच्या थंड चुलीपाशी बसल्या. अल्मीरानंच ती पेटवली.

मार्चच्या शेवटी तेहतिसावं पत्र आलं. अक्षरं सरळ होती.

"चादर मी समितीच्या टेबलावर उलगडली," रेडफील्डनी लिहिलं होतं. "टेबल पुरलं नाही, दोघांनी टोक धरलं. ते हसलेले सभासद बराच वेळ वाकून पाहत होते. त्यांनी विचारलं, ही भोकं कसली? मी सांगितलं. त्यांनी लहान मुलाच्या तळव्यावर स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. मग शेवटच्या नावाकडे आले आणि म्हणाले, हे कुणी लिहिलं आहे? मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी माफी मागितली नाही, या शहरात तसं कुणी करत नाही. पण अर्ज खरा आहे अशी नोंद त्यांनीच सुचवली. ठराव या अधिवेशनात येणार नाही. सिस्टर हॉल्म, या सभागृहात मला मत नाही. नाव मात्र घेता येतं. दुसऱ्या दिवशी मी उभा राहून तुमच्या बोडिलचं नाव घेतलं. ते आता कार्यवृत्तात आहे."

थिर्झानं ते पत्र मधल्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं. घरात नील्सखेरीज कुणी नव्हतं, आणि तो तिच्या मागच्या खोलीत बसला होता. वाचताना तिचं तोंड पुढच्या खोलीकडे होतं.

रेडफील्डांचं पत्र घेऊन ती सीडर फ्लॅटला गेली, आणि दोघींनी मिळून गोधडी पुन्हा शिवली, या वेळी कागदाविना. पेडर म्हणाला आता फार शांत वाटतं, झोप येत नाही. तो निळा तुकडा इंगरनं जिथल्या तिथे लावला.

आठ वर्षांनी तो हक्क गेलाच, आणि त्यानंतर नऊ वर्षांनी, युटा राज्य झालं तेव्हा, परत आला. मधल्या काळात विलो फोर्कच्या बायकांनी किती अर्ज पाठवले त्याची गणती नाही. ते सगळे मूळ गेले, डागांसकट. मदत-संस्थेच्या वहीतही तेव्हापासून सह्या जिच्या तिच्या हातच्या आहेत. त्या वहीची पानं पाहिली तर तिची चिटणीस नकलनविसाची मुलगी होती हे कुणाला खरं वाटणार नाही.

कधी एखादी म्हातारी टाक मागे सारायची. "तूच लिही ना गं थिर्झा, तुझं किती छान येतं."

"नाही," थिर्झा म्हणायची. मग ती उठून काठवट आणायची, तिच्यात मूठभर पीठ पसरायची आणि त्या बाईचं बोट आपल्या हातात घ्यायची.